दर हिवाळ्यात स्वेटरला नवी भोकं: खानदेशातल्या लोकरी कपड्यांचं दुखणं आणि त्याचा बंदोबस्त

दिवाळी आटोपते, जळगाव-धुळ्याकडे पहाटे अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटू लागतं, कपाटाच्या वरच्या खणातून स्वेटर निघतो आणि पोटाशी, बाहीवर, गळ्याच्या पट्टीखाली ज्वारीच्या दाण्याएवढी भोकं दिसतात. डांबरगोळ्या ठेवलेल्या होत्या, कपाटही बंद होतं. गेल्या वर्षी मफलरचं हेच झालं, त्याच्या आदल्या वर्षी शालीचं. मुलाने किंवा सुनेने बाहेरगावहून हौसेने आणलेला मेरिनो किंवा काश्मिरी लोकरीचा महागडा स्वेटर असेल, तर जीव फारच हळहळतो.

हे दुखणं दरवर्षी उलटतं, कारण आपण इलाज करतो ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि बिघाड झालेला असतो फेब्रुवारीत. थंडी सरली की दोन-चार वेळा घातलेला स्वेटर "तसा स्वच्छच आहे" म्हणून घडी घालून वर जातो. पुढे जे काही होतं ते त्या एका घडीमुळे.

आपल्या भागाची अडचण वेगळी आहे. थंड प्रदेशात लोकरीचा कपडा वर्षातले चार-पाच महिनेच कपाटात असतो, बाकीचे दिवस रोज अंगावर. आपल्याकडे उलट. खरी थंडी नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा सुरुवातीचा काळ, आणि उरलेले आठ-नऊ महिने कपडा अंधारात पडून. त्यात आधी चव्वेचाळीस-पंचेचाळीसचा उन्हाळा, मग चार महिन्यांचा दमट पावसाळा. स्वेटरच्या आतल्या चिठ्ठीवर निगेच्या खुणा असतात, पण नऊ महिने पेटीत कसा सांभाळायचा हे त्या चिठ्ठीत नसतं. ते आपलं आपल्यालाच बसवावं लागतं.

आधी ओळखा: लोकर आहे का, आणि भोक कोणी पाडलं?

थंडीत गावोगावी लागणाऱ्या दुकानांतले बरेच स्वेटर अ‍ॅक्रिलिकचे किंवा मिश्र धाग्याचे असतात. शुद्ध अ‍ॅक्रिलिक किडे खात नाहीत, त्यामुळे त्याला भोक पडलं असेल तर कारण दुसरं आहे. खात्री करायची असेल तर आतल्या शिवणीतून बोटभर धागा काढा, चिमट्यात धरा आणि काडी लावा. लोकर चुरचुरत जळते, काडी बाजूला घेतली की विझू पाहते, केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडली की भुगा होतो. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि टोकाला काळा, टणक मणी उरतो. मिश्र धाग्यात दोन्हींची थोडी थोडी लक्षणं दिसतात.

लोकर ठरली, की स्वेटर पांढऱ्या चादरीवर पसरा आणि मोबाइलचा टॉर्च आडवा धरून पाहा. घड्यांच्या आत, काखेखाली, कॉलरच्या दुमडीत. कपड्याच्याच रंगाचे वाळूसारखे बारीक कण आणि सोबत कोळ्याच्या जाळ्यासारखे रेशमी पदर किंवा नळ्या दिसल्या, तर ते कपड्यांच्या पतंगाच्या अळीचं काम. निळा स्वेटर खाल्ला तर विष्ठाही निळसर, म्हणून ती नजरेतून सुटते. जाळं नाही, पण तपकिरी, केसाळ, पोकळ कातड्या पडलेल्या असतील, तर ती गालिच्याच्या भुंगेऱ्याची अळी. धान्यातला खापरा किडा याच कुळातला आहे, त्यामुळे गव्हाच्या कोठीत ज्यांनी केसाळ अळी पाहिली आहे त्यांना ही लगेच ओळखू येईल. दोन्हींपैकी काहीच नसेल आणि भोकं फक्त पोटाशी असतील, तर पट्ट्याचं बक्कल, पँटची चेन किंवा ओट्याची कड घासून धागा तुटतोय. तिथे किड्यांवर औषध मारून काही उपयोग नाही.

कपाटात चंदेरी कसर पळताना दिसली की सगळा आळ तिच्यावर जातो. ती मुख्यतः कागद, खळ घातलेलं सुती कापड आणि रेशीम कुरतडते. लोकरीला पडलेल्या गोल, स्वच्छ भोकांमागे बहुधा वरच्या दोघांपैकीच कोणीतरी असतं.

आणखी एक. संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती भिरभिरणारे पतंग हे नव्हेत. कपड्यांचा पतंग जेमतेम सहा-आठ मिलिमीटरचा, फिक्कट सोनेरी, आणि उजेडापासून पळणारा. कपाट उघडलं की तो उडण्याऐवजी घडीत सरपटत शिरतो. मोठा झालेला पतंग काही खातही नाही, त्याला खायचं तोंडच नसतं. तो मारून समाधान मिळतं, पण खाणारी अळी आत तशीच राहते. मादी चाळीस-पन्नास अंडी घालते, उबदार हवेत ती चार ते दहा दिवसांत फुटतात, आणि अंडं अर्ध्या मिलिमीटरचं असल्याने डोळ्याला जवळजवळ दिसतच नाही.

हे किडे येतात कुठून

लोकर केरॅटिन या प्रथिनाची असते. केस, पिसं, नखं हीसुद्धा त्याचीच. घरातला उगम शोधायचा तो याच वस्तूंत. देवघरातलं लोकरीचं आसन वर्षभर एकाच जागी असतं, त्याची खालची बाजू उलटून पाहा. एसीच्या मागचं किंवा व्हेंटिलेटरमधलं कबुतराचं घरटं, कपाटाखाली केस आणि धुळीचा झालेला पुंजका, माळ्यावरच्या पेटीतली आजोबांची कानटोपी, कोपऱ्यात मरून वाळलेली पाल. घरात हार्मोनियम असेल तर तिच्या आतली लोकरी पट्टीही या अळ्यांना आवडते. हा उगम तसाच ठेवून फक्त स्वेटर साफ केला, तर पुढच्या वर्षी तेच होणार.

साक्री भागातल्या ठेलारी मेंढपाळांच्या खांद्यावर घोंगडी रोज असते. ती झटकली जाते, उन्हात पडते, वाऱ्यावर वाळते, आणि वर्षानुवर्षं टिकते. तशीच घोंगडी शहरातल्या घरात माळ्यावर गुंडाळून ठेवली की तिची चाळण होते. या किड्यांना अंधार हवा, शांतता हवी आणि महिनोन्‌महिने कोणी हात लावायला नको.

काश्मिरी लोकरीचं नुकसान लवकर दिसतं, त्याला कारण आहे. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. काश्मिरी तंतू चौदा ते एकोणीस मायक्रॉनचा. शेळीच्या अंगावरची ही मऊ लव वसंतात विंचरून काढतात आणि एका शेळीपासून वर्षाला शे-दोनशे ग्रॅमच हाती येते. एवढा नाजूक धागा अळीच्या एका चाव्यात तुटतो, आणि विणलेल्या कपड्यात एक फासा सुटला की खालचे एकामागून एक उसवत जातात. अळीने पाडलेलं भोक बारीकच असतं, ते मोठं होतं आपण डोक्यातून ओढून घालताना.

होळीच्या आत धुऊन ठेवा

अळीला नुसती लोकर फारशी पुरत नाही. घाम, केसांचं तेल, आमटीचा डाग यांतून तिला क्षार आणि जीवनसत्त्वं मिळतात, म्हणून भोकं गळ्याशी, काखेत आणि छातीवर जास्त. एकदाच घातलेला स्वेटरही धुतल्याशिवाय वर ठेवू नका. या अख्ख्या लेखातलं एकच पाळायचं ठरवलंत तर हे पाळा.

धुण्याची वेळ फेब्रुवारीअखेर, फार तर होळीपर्यंत. मार्च उजाडला की गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं, आणि नळाचं थंड पाणी समजून आपण लोकर त्यात बुडवतो. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, घासणं आणि साबणाचा क्षार एकत्र आले की खवले एकमेकांत अडकतात, कपडा आटतो आणि घट्ट नमद्यासारखा होतो. म्हणून पाणी सकाळी सहा-सातला बादलीत काढा. हात घातल्यावर ना गार ना गरम, तीस अंशांच्या आसपास. खंगाळायचं पाणीही त्याच बादल्यांतलं, कारण अचानक गरम-गार झालं तरी लोकर आकसते.

कपड्यांची वडी आणि साधी पावडर दोन्ही वर्ज्य. त्यांत क्षार जास्त, आणि बऱ्याच पावडरींत प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात. रक्ताचे किंवा दुधाचे डाग काढायला ती उत्तम, पण लोकरही प्रथिनच आहे. ईझीसारखं लोकरीचं लिक्विड बाटलीवर लिहिलंय तेवढंच घ्या. किंवा रिठे. आठ-दहा रिठे रात्री भिजत घालून सकाळी कुस्करायचे, पाणी दोनदा गाळून घ्यायचं. मला गडद रंगांसाठी रिठाच जास्त भरवशाचा वाटतो. पांढऱ्या आणि मोतिया रंगावर मात्र त्याची पिवळसर झाक बसू शकते.

कपडा उलटा करून दहा मिनिटं बुडवा. चोळायचं नाही, पिळायचं नाही, ब्रश नाही. तळव्याने दाबायचं आणि सोडायचं. गळ्यापाशी तेलकटपणा असेल तर तिथे थोडं लिक्विड बोटाने लावून पाच मिनिटं थांबा.

आता बोअरचं पाणी. आपल्याकडच्या बऱ्याच बोअरना क्षार भरपूर. साबण त्यात फुटतो, त्याचा पांढरा चिकट थर तंतूंवर बसतो आणि स्वेटर वाळल्यावर कडक, निस्तेज लागतो. लोक म्हणतात, "लोकरच हलकी निघाली." ती हलकी नसते, तिच्यावर साका बसलेला असतो. अशा पाण्यात साबण नको, लिक्विडच हवं, आणि शेवटच्या खंगाळण्याच्या बादलीत चमचाभर पांढरं व्हिनेगर घाला. घरात आरओ असेल तर शेवटचं खंगाळणं त्याच्या शुद्ध पाण्यात करा, अर्धी बादली पुरते. आरओच्या दुसऱ्या नळीतून वाहून जाणारं पाणी मात्र वापरू नका, कारण त्यात क्षार मूळच्या पाण्यापेक्षाही जास्त असतात.

वाळवायला आपली बाज सगळ्यांत उत्तम. स्वेटर जाड टॉवेलवर ठेवून टॉवेलसकट गुंडाळायचा, दाबून पाणी टिपायचं, मग सावलीत टाकलेल्या बाजेवर सुती चादर घालून सपाट पसरायचा. ओला असतानाच खांदे, बाह्या, खालची पट्टी हाताने सारखी करून घ्या. वाळला की तोच आकार राहतो. बाजेच्या विणीतून खालूनही वारा लागतो. दोरीवर टाकला तर पाण्याच्या वजनाने खांदे उतरतात, ते परत येत नाहीत. आपल्या कोरड्या हवेत वरचं अंग दुपारपर्यंत वाळतं, पण मनगटाची आणि कमरेची दुहेरी वीण आत ओली राहते. म्हणून आणखी एक अख्खा दिवस पंख्याखाली ठेवा. ओलसर कपडा पिशवीत बंद झाला तर किड्यांऐवजी बुरशी येईल.

आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) अंडी मारा

धुण्याने बहुतेक अंडी निघतात, सगळी निघतीलच असं नाही. ज्या घरात एकदा भोकं पडली आहेत तिथे ही पायरी टाळू नका.

नाजूक काश्मिरी कपड्यासाठी फ्रीझर. पूर्ण कोरडा कपडा जाड पिशवीत, हवा दाबून काढून, तोंड घट्ट बंद करून उणे अठरा अंशांवर आठवडाभर ठेवा. एकदरवाजी फ्रीजच्या वरच्या खणात बहुधा एवढी थंडी होत नाही, त्याला वेगळ्या दाराचा फ्रीझर हवा. मध्येच वीज बराच वेळ गेली तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. दिवसभर तशीच राहू द्या, नाहीतर बाहेरच्या हवेतली वाफ गार लोकरीवर पाणी होऊन बसते.

जाड मेरिनो, मफलर, घोंगडी, देवघरातलं आसन यांच्यासाठी आपल्याकडे फुकटची भट्टी आहे. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत पारा पंचावन्न-साठच्या घरात जातो, आणि पंचावन्नला काही तास राहिलं की अंडं, अळी, पतंग काहीच वाचत नाही. कपडा सुती कापडात गुंडाळा, काळ्या पिशवीत बंद करा, सीटवर ठेवा आणि दुपारभर गाडी उन्हात राहू द्या. घडी मोठी असेल तर उष्णता आतपर्यंत पोचायला वेळ लागतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी पिशवी उलटून पुन्हा. कपडा कोरडाच हवा. चामड्याच्या किंवा चिकटवलेल्या पट्ट्या असतील तर मात्र ही रीत नको.

गच्चीत दोरीवर कडक ऊन देण्याची रीत जुनी आहे, आणि त्यातलं झटकणं-घासणं खरंच उपयोगाचं, कारण त्याने अंडी पडतात. पण मेच्या उन्हात दिवसभर उघडी टाकलेली लोकर पिवळी पडते, रंग उडतो, तंतू कमजोर होतो. सकाळचा तासभर पुरे. काळ्या पिशवीत उजेड लागत नाही, फक्त उष्णता लागते.

आखाजीला माहेरवाशिणी यायच्या आत हे काम उरकतं. त्याच सुमारास कपाट पूर्ण रिकामं करा, कोपऱ्यांत आणि फळीच्या फटींत व्हॅक्यूमचं टोक किंवा बारीक ब्रश फिरवा, कपाट पुढे ओढून मागची धूळ काढा आणि तो केर लगेच घराबाहेर टाका. पलंगाच्या बॉक्सलाही हेच लागू.

डांबरगोळ्यांचं काय

उघड्या-मिटत्या कपाटात चार गोळ्या टाकून काही साधत नाही. गोळीची वाफ बंद जागेत दाट झाली तरच किडे मरतात. कपाटाचं दार रोज उघडलं की वाफ निघून जाते, वास तेवढा राहतो. वापरायच्याच असतील तर घट्ट झाकणाच्या पेटीत, कागदात गुंडाळून, कपड्यांच्या वर ठेवा, कारण वाफ हवेपेक्षा जड असते आणि खाली उतरते. सोबत कापूर ठेवू नका, दोन्ही एकत्र आले तर पाझरून डाग पडतात.

आणि हे कळकळीने सांगते: बाळाचं टोपडं, अंगडं, लोकरी दुपटं यांच्यात डांबरगोळी कधीही ठेवू नका. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांना डांबरगोळीतल्या नॅफ्थलीनमुळे रक्तातल्या लाल पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. बाळाला ही कमतरता आहे की नाही हे बहुतेक घरांत माहीतच नसतं. रांगतं मूल पांढरी गोळी तोंडात घालतं, तो धोका वेगळाच.

वेखंड, वाळलेला कडुलिंब, लवंग हे सगळं जरूर ठेवा. ते पतंगाला काही काळ दूर ठेवतात, पण आत असलेली अंडी मारत नाहीत, आणि वास गेला की उपयोगही जातो. स्वच्छ, कोरडा, अंडी मेलेला कपडा आणि घट्ट बंद पिशवी एवढं असेल तर वेखंड नसला तरी चालतं. ते नसेल तर पोतंभर वेखंड पुरत नाही.

ठेवताना घडी घाला, हँगर नको. जुन्या मऊ धोतराच्या किंवा लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळा, सिलिका जेलची पुडी टाका, मग झिपची जाड पिशवी किंवा घट्ट झाकणाचा डबा.

पावसाळ्यात एकदा पाहायला हवं, कारण पतंगांना मेचं कोरडं तापमान सोसत नाही, त्यांना जुलै-ऑगस्टची दमट ऊब मानवते. नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्याकडे कानबाई देवी बसते, त्याआधी घरं धुऊन-सारवून रंगवली जातात. त्या साफसफाईतच, उघडीप असलेल्या दिवशी, लोकरीचा डबा खाली काढा. पिशवीबाहेरूनच टॉर्च मारून पाहा, कण किंवा कातडी दिसली तरच उघडा आणि तो कपडा सरळ फ्रीझरमध्ये टाका. पुडीचे दाणे भिजल्यासारखे वाटले तर बदला.

गोळे आणि आटलेला स्वेटर

काखेत आणि कुशीला गोळे येणं म्हणजे माल वाईट असं नाही. आखूड तंतू घासून वर येतात आणि गुंततात. मऊ काश्मिरीत तर सुरुवातीच्या दिवसांत ते येणारच. ओढून तोडू नका. कपडा सपाट ठेवून बारीक फणीने किंवा बॅटरीच्या मशीनने हलकेच काढा, आणि लागोपाठ दोन दिवस तोच स्वेटर घालू नका.

थोडा आटला असेल तर कोमट पाण्यात केसांचं कंडिशनर घालून अर्धा तास भिजवा आणि टॉवेलवर हळूहळू ताणून मूळ मापावर वाळवा. वीण दिसेनाशी होऊन कापड नमद्यासारखं झालं असेल तर ते परत येत नाही. त्याची मुलांसाठी टोपी किंवा हातमोजे होतात.

पडलेलं भोक

भोक असलेला कपडा तसाच धुऊ नका, पाण्याच्या वजनाने फासे धावतात. आधी बारीक सुई आणि मिळत्या रंगाचा साधा शिवणदोरा घ्या, भोकाभोवतीचा प्रत्येक सुटा फासा दोऱ्यात ओवून घ्या. दोरा ओढायचा नाही, फासे जागच्या जागी धरून ठेवण्यापुरताच. मग धुणं, फ्रीझर, सगळं. पक्की दुरुस्ती त्यानंतर: आतल्या शिवणीतून स्वेटरचाच धागा काढा आणि शेजारच्या फाशांची वाट बघत त्याच वळणाने सुई फिरवा. रफूवाल्याकडे देणार असाल तर कपडा फाशांनी विणलेला आहे हे मुद्दाम सांगा, कारण शालीसारखं उभं-आडवं रफू केलं तर तो भाग ताणला जात नाही आणि कडेने पुन्हा फाटतो. भोक मोठं असेल तर विणकाम करणाऱ्या बाईकडे न्या. हिवाळ्याआधी त्यांच्याकडे गर्दी होते, म्हणून पावसाळ्यातच दिलेलं बरं.